वरची खाच

“आधी तो स्टो विझवा, मंग बोला,” अंगणात पाऊल टाकताच गॅरेजवाला गिरधर मिस्त्री म्हणाला.

भाडेकरू भिकुबाईने ओसरीवरचा स्टो बंद केला. तोंड मात्र चालूच ठेवलं. “चार दिवसांपासून पेट्रोलचा वास येऊ राह्यला. काडी ओढायचं भेव वाटे. पन या आजी ऐकतीन तर शप्पथ!”

घरमालकीण द्रौपदाबाई जिपेच्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या होत्या. काल गाडीखाली ओला डाग दिसला, आणि तिथून चार हातांवर भिकुबाईचा स्टो भडभडत होता. तेव्हा त्यांनीच मिस्त्रीला निरोप धाडला.

यावलच्या त्या घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीप नऊ वर्षं उभी होती. गल्लीतली बाई बाळंतपणाला अडली, की लोक द्रौपदाबाईंच्या नवऱ्याच्या, जीवरामांच्याच दारात यायचे. जळगावचा दवाखाना गाठायचा तर टाकी भरलेलीच हवी. “पंप बंद असला म्हनून बाळ थांबत नही,” ते म्हणायचे. पेट्रोलचा काटा बिघडलेला, म्हणून त्यांनी कडुनिंबाच्या काडीला चाकूने चार खाचा पाडल्या होत्या. काडी टाकीत बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचं. नऊ वर्षांपूर्वी ते वारले त्या संध्याकाळीही काडी वरच्या खाचेपर्यंत ओली होती.

दर दसऱ्याला द्रौपदाबाई जीप पुसायच्या, झेंडूची माळ घालायच्या. झाकण मात्र कधी उघडलं नाही. उघडलं तर आतला वास जाईल. जीवरामांच्या सदऱ्याला यायचा तोच तो वास.

बॅटरी कधीच मेली होती, तरी गिरधरने तिच्या तारा सोडवल्या. गल्लीतल्या चौघांना हाक मारून जीप उघड्यावर ढकलत आणली, बिड्या विझवायला लावल्या. मग सीटखालचं झाकण फिरवून काडी आत सोडली.

“अक्का, अर्धी बी नही.”

“काठोकाठ होती!” द्रौपदाबाईंची नजर भिकुबाईकडे गेली.

“मायबाई! मी प्याली का ते?”

“कोनी चोरं नही,” गिरधर म्हणाला. “थोडं गळनं, बाकी उडी गयं. नऊ वरीस म्हनजे काय थोडं शे? ऱ्हायनं ते बी नासेल शे.”

द्रौपदाबाई खाली बसल्या. नऊ दसरे त्या कमी कमी होत जाणाऱ्या टाकीला माळ घालत होत्या.

“मंग ओता ना गटारीत,” भिकुबाई म्हणाली. “नही त मले द्या बाटलीभर. रेशनचं रॉकेल दहा तारखेलेच सरतं. मिसळून लावीन स्टोत.”

गिरधरने डावा हात वर केला. कोपरापर्यंतची कातडी आवळून चकाकत होती. “मी बी गटारमाच टाकं व्हतं. बायकोनी चूलनी राख टाकी तठेच. निखारा व्हता राखमा.”



पुढचं द्रौपदाबाईंना ठाऊक होतं. गिरधरच्या भाजलेल्या बायकोला याच जिपेने जळगावला नेलं होतं. टाकी भरलेली होती म्हणून वाटेत थांबावं लागलं नाही. बाई वाचली.

पेट्रोल ओढायला गिरधरने नळीला तोंड लावलं नाही. टाकीखालचं बूच सैल करून धार पत्र्याच्या डब्यांत घेतली. पेट्रोल तपकिरी झालं होतं, त्याला व्हार्निशासारखा उग्र दर्प येत होता. डबे त्याने गळ्यापर्यंत भरले नाहीत. झाकणं आवळली, खडूने मोठ्या अक्षरांत ‘जुनं पेट्रोल’ लिहिलं. तळाचा गाळ वेगळ्या डब्यात घेतला.

“याचं काय करशीन, भाऊ?” द्रौपदाबाईंनी विचारलं.

“गॅरेजमा नेस. दिवसा, उघड्यावर, गाड्यासनं सामान धोवाले कामी पडी.”

द्रौपदाबाईंनी पदराआडून औषधाची रिकामी बाटली काढली. “इत्तंसं दे. कपाटात ठेवीन. पेटवनार थोडीच हाये.”

गिरधरने बाटलीकडे पाहिलं, मग जिपेकडे. या घराला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

“अक्का, या गाडीवर मनी बायको जिवंत शे. म्हनीसनच मी देस नही.” काडी त्याने त्यांच्या हातात दिली. “हाई ठेवा. पन उनमा वाळू द्या. चूलपाशी नको.”

तीन दिवस काडी कुंपणावर उन्हात होती. चौथ्या दिवशी द्रौपदाबाईंनी ती नाकाशी धरली. नुसत्या लाकडाचा वास आला.

“आजी, सरपनात टाकू का ती?” भिकुबाईने विचारलं.

“हात नको लावू.”

पदराने पुसून त्यांनी काडी जिपेत, सीटमागे, जीवराम ठेवायचे तिथेच उभी केली. वरची खाच वर ठेवून.