लेकीचे दार, बापाची वेळ

मी एक जुना साचा आहे. मातीचा नाही, लोखंडाचाही नाही. मित्रांनो, मी संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये राहतो आणि माझे नाव 'लिफ्ट'. लिफ्टने किती वजन पेलायचे, दार किती वेळ उघडे ठेवायचे, असे सगळे गुणधर्म माझ्यात लिहिलेले आहेत. मला एका अभियंता बाईंनी घडवले. नाकावरून घसरणारा चष्मा सावरत त्या एकेक ओळ लिहीत आणि पुन्हा वाचून पाहत.

पुढे माझा वंश वाढला. 'रुग्णालयाची लिफ्ट' ही माझी धाकटी लेक. लेकींना सगळे नव्याने लिहावे लागत नाही. स्वतःचा गुणधर्म असेल तर त्या तो वापरतात, नसेल तर माझ्याकडून घेतात. आम्ही बिनबोभाट चाललो, लोकांनी कौतुकही केले. मग बाई निवृत्त झाल्या आणि वर्षानुवर्षे मला कोणी उघडूनही पाहिले नाही.

एके दिवशी रुग्णालयात स्ट्रेचर अर्धे आत गेले असतानाच दार मिटले आणि त्यावरच्या एका आजोबांचा हात चेमटला. वॉर्डातल्या सिस्टरचा आमच्या लिफ्ट कंपनीच्या कचेरीत फोन आला.

"दार नीट होईपर्यंत आम्ही पेशंट जिन्याने उचलून नेतोय. असं किती दिवस चालणार?"

तिथल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "हा जुना साचाच कुचकामी. काढून टाका, नवा लिहा."

मी हादरलो. मी गेलो असतो तर माझ्या सगळ्या लेकी जागच्या जागी बंद पडल्या असत्या.

प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मुलीला कचेरीत सगळे 'चिवट' म्हणत. ती म्हणाली, "साहेब, आधी त्या लिफ्टला विचारते."

"लिफ्टला काय विचारणार?"

"तिच्याजवळ काय काय आहे, आणि त्यातलं कुठलं कोणाचं."

तिने माझ्या धाकटीचे सगळे गुणधर्म पडद्यावर मांडले आणि एकेकाची चौकशी सुरू केली. हा हिचा स्वतःचा की बापाचा? जेवायची वेळ टळून गेली. साहेब येऊन डोकावून गेले. ती जागची हलली नाही. अखेर तिचे बोट थांबले. पडद्यावर माझा 'दार-अवधी' होता, अगदी थोडा. त्याच्याच खाली लेकीचा स्वतःचा 'दार-अवधि' होता, स्ट्रेचर सहज आत जाईल एवढा.

"ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, साहेब," ती म्हणाली. "अलीकडेच कोणीतरी लेकीत ही वेळ नव्याने लिहिलीय. वेळ बरोबर, पण नावातली वेलांटी चुकली. दार दीर्घ 'अवधी' मागतं. तो लेकीजवळ नाही, म्हणून बापाचा येतो."

साहेब खुर्ची ओढून बसले. "मग बापाचीच वेळ वाढव की."

"मग प्रत्येक इमारतीत लोक लिफ्टसाठी ताटकळतील. चूक लेकीत आहे, दुरुस्तीही तिथेच करते."

तिने एक वेलांटी बदलली आणि स्वतः रुग्णालय गाठले. सिस्टरबरोबर रिकामे स्ट्रेचर आतबाहेर करून तिने दार पारखले. मग त्याच आजोबांना आणले. हात छातीशी गच्च धरून ते म्हणाले, "पोरी, हे परत चावणार नाही ना?"

"मी दारातच उभी राहते, आजोबा. मिटलं तर आधी मला लागेल."

दार मिटले नाही. स्ट्रेचर सावकाश आत गेले आणि आजोबांनी हात खाली सोडला.

मित्रांनो, जुने मोडीत काढण्याआधी त्याच्या आधाराने कोण उभे आहे, एवढे विचारत जा. कचेरीत परतल्यावर साहेब चिवटला म्हणाले, "झालं ना एकदाचं? आता जा घरी."

"नाही साहेब," ती म्हणाली, "अजून याच्या बाकीच्या लेकी तपासायच्यात." आणि तिने पुढची उघडली.