आठ वीसची नोंद

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले सुखदेव सर अठरा वर्षं एकाच जोडताऱ्याच्या मागे होते. त्यातला एक तारा दुसऱ्याला झाकायचा तेव्हा उजेड मंदावायचा, आणि ती वेळ सर वहीत लिहायचे. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांनी वही चैतालीकडे सोपवली होती. ती कॉलेजपासूनची त्यांची शिष्या, आता आयटीतली नोकरी आणि सहा महिन्यांची लेक सांभाळणारी.

रविवारी ती वही परत द्यायला आली तेव्हा सर खुशीत होते.

"नाशिकचा अनिरुद्ध कळवतो, तारा पंचवीस मिनिटं उशिरा मंदावला. म्हटलं, आधी घड्याळ दुरुस्त कर. आमच्या चैतालीकडे बरोबर आठ वीस आहे." नाशिकहून तोच तारा पाहणाऱ्या अनिरुद्धची कागदावर टिपून ठेवलेली नोंद खोडायला त्यांनी पेन उघडलं.

आठ वीस ही वेळ चैतालीने सरांनीच गणित करून दिलेल्या तक्त्यातून उतरवली होती. त्या संध्याकाळी तापाने फणफणलेली लेक छातीशी लागून नुकती कुठे निजत होती, तिला दूर करवेना. तारा काय, ठरल्या वेळीच मंदावणार, असं तिला वाटलं होतं.

"सर, थांबा. त्या दिवशी मी गच्चीवर गेलेच नव्हते."

सरांनी पेन खाली ठेवलं.

"मग 'पाहिलं नाही' लिहायचं. मी शंभरदा लिहिलंय," ते म्हणाले. "अठरा वर्षांत तारा पहिल्यांदा वेळ चुकला गं, आणि आपल्या गच्चीवर कुणी नव्हतं."

चैतालीने आठ वीस खोडलं.

"ताऱ्याचं पुढचं ग्रहण मंगळवारी आहे, सर. मी येते."

"माझा डावा डोळा बरा आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली.