लेबलावरचं साल

लग्नानंतर दोनच महिन्यांनी दोघांनी ती लाल वाइनची बाटली आणली होती. दुकानदार म्हणाला, "आडवी ठेवा, अंधारात ठेवा आणि विसरून जा." पंचवीस वर्षांनी उघडायची, असं ठरलं. जिन्याखालच्या कपाटात ती जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवली आणि संसाराच्या रगाड्यात ती खरंच विसरली गेली.

आज पंचवीस वर्षं भरली. नवरा पेले पुसत होता. तिनं टॉवेल सोडला, लेबल झटकलं आणि तिचा हात थांबला. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. आकडा चुकला की तिच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपायचा. द्राक्षं कुठल्या सालची ते लेबलावर छापलेलं असतं. ते साल लग्नाच्या बारा वर्षांनंतरचं होतं.

"अरे, ही आपली बाटली नाही."

"काहीतरीच काय! तीच कंपनी, तेच चित्र."

"साल बघ."

त्यानं चष्मा शोधायला जरा जास्तच वेळ लावला. मग म्हणाला, "बरं बाई, सांगतो. तुझी आई अंथरुणाला खिळली होती, तू चार महिने तिकडे होतीस. एकट्याला घर खायला उठायचं. एके दिवशी प्यायलो. नंतर वाईट वाटलं, म्हणून तशीच दुसरी आणून ठेवली."

"एकटा प्यायला असतास तर मला सांगितलं असतंस. मी चार शिव्या घातल्या असत्या आणि हसले असते." तिनं बाटली टेबलावर ठेवली. "इतकी शोधाशोध करून तशीच आणलीस, टॉवेलसुद्धा तसाच गुंडाळलास. कोण होती?"

ते चार महिने ती आईची कूस बदलत होती, आणि हा दर रविवारी फळं घेऊन यायचा. आई म्हणायची, जावई लाखात एक मिळाला.

त्यानं पुसलेलाच पेला पुन्हा पुसायला घेतला. म्हणाला, "वर्षभर होतं ते. मग ती गाव सोडून गेली. आता उगाळून काय मिळणार? अकरा वर्षं झाली त्याला."

"तुला अकरा वर्षं झाली. मला पाचच मिनिटं झाली आहेत."

तिनं स्वतःच बूच काढलं आणि एकाच पेल्यात ओतली. एक घोट घेतला. वाइन आंबलेली असती तर बरं झालं असतं. तोंडावर ओतायला तरी निमित्त मिळालं असतं. ती उत्तम होती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. आधी तो बोलला. आवाज नेहमीसारखा, थट्टेचा. मग त्यानं फोन तिच्यापुढे धरला, डोळ्यांनी विनवत.

"उघडली का गं आई? कशी आहे?"

"उघडली," ती म्हणाली. "छान आहे. बाबांनी अगदी जपून ठेवली होती."

तिचाही आवाज नेहमीसारखाच निघाला. इतकं सहज जमतं हे तिला माहीत नव्हतं.