एक चाक हवेत

खालच्या मळ्याच्या फाटकात पिकअप रुतली. वर कोंबडखताचा ढीग, खाली चिखल आणि मागे ढकलायला बायको. नवऱ्याने आत बसून पाय दाबला, तसं मागचं डावं चाक गरगर फिरलं आणि चिखल, खत, सडकी पिसं असा सगळा माल तिच्या तोंडावर आला. उजवं चाक मात्र कोरड्या खडीवर होतं. ते रुसलेल्या जावयासारखं ढिम्म बसून राहिलं.

"थांबवा! अहो, थांबवा म्हणते ना!" ती थुंकत ओरडली.

"नीट ढकल की! जोर लाव!"

"जोर लावायला तोंड उघडलं की खत आत जातंय माझ्या!"

तिला गावात कुट्टीवाली म्हणत आणि नवऱ्याला नाक्या. कारण हा बाबा धंदा कोंबडखत वाहायचा करायचा, पण नाकातोंडावर फडकं बांधल्याशिवाय गाडीत चढायचा नाही. खत भरायचं बायकोनं, उतरवायचं बायकोनं, आणि हा काच वर करून आत बसायचा. घरी आला की दोनदा अंघोळ आणि वर हिला म्हणायचा, "तुझ्या अंगाला वास येतो गं."

मळेवाला काठी टेकत आला. फाटकात सांडलेलं खत बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

"नाक्या, परत? मी खत शेतात मागवलं होतं, दारात नाही. अजून एकदा रुतलास ना, तर खताचं काम ट्रॅक्टरवाल्याला देतो."

शेवटी त्याच्याच बैलांनी गाडी ओढून काढली. कुट्टीवाली घरापर्यंत मागे खताच्या पाट्यांवर बसून आली. पुढे बसायला नवऱ्यानं मनाई केली होती, सीट घाण होते म्हणून. असल्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

घरी आल्यावर मात्र तिचा जीव जरा जागेवर यायचा, त्याचं कारण वैरण बारीक कापायचं कुट्टीचं मशीन. ते तिचं स्वतःचं होतं, माहेरून आणलेलं. गोठ्याला वीज यायची ती पाहुण्यासारखी, म्हणून तिनंच एक युक्ती काढली होती. संध्याकाळी पिकअप गोठ्याला पाठ करून उभी करायची, जॅक लावून मागचं एक चाक ओंडक्यावर उचलायचं, पुढच्या चाकाला दगड द्यायचा आणि उचललेल्या टायरवरून मशीनला पट्टा चढवायचा. नवरा गाडी गिअरमध्ये टाकून अंघोळीला पळायचा. जमिनीवरचं चाक गप्प, हवेतलं चाक फिरतंय आणि मशीन चालतंय. साऱ्या आळीतली वैरण तिच्याकडे कापायला यायची. त्या घरात तेवढीच एक वेळ अशी होती की ओल्या हिरव्या चाऱ्याचा वास यायचा. मशीन बंद पडलं असतं तर आळी सडकेवरच्या गिरणीत गेली असती, आणि हिच्या नशिबी दिवसभर फक्त कोंबडखत उरलं असतं.

आणि म्हणतात ना, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ एक आख्खा मागचा अ‍ॅक्सल हातगाडीवर घालून दारात हजर. गावानं त्याचं नाव फोनपंडित ठेवलं होतं. फोनवर बघून तो सगळं शिकला होता, फक्त काम करायला तेवढा शिकला नव्हता. पाठोपाठ गॅरेजचा मिस्त्री आला, हात पुसत.

"दाजी, हा बघा! लिमिटेड स्लिप! भंगारातल्या गाडीचा काढलाय. आता रुतणं विसरा!"

"म्हणजे काय ते मराठीत सांग," नाक्या फडक्याआडून म्हणाला.

फोनपंडित फोन काढायला लागला, तेवढ्यात मिस्त्रीनेच सांगितलं. "हे बघा दादा. तुमच्या गाडीत जे चाक घसरतं तेच पळतं. घट्ट उभ्या चाकाला जोरच पोचत नाही. ह्या अ‍ॅक्सलमध्ये आत चकत्या असतात. एक चाक उधळलं की त्या दुसऱ्यालाही ओढतात. चिखलात एक सुटलं तरी दुसरं गाडी काढतं."

"मग बसव की! विचारायचं काय त्यात?"

"विचारायचं असतं. ह्याला तेल वेगळं लागतं, दोन्ही टायर सारखे लागतात. आणि प्रत्येक गाडीला हा सोसतोच असं नाही. आधी सांगा, तुमच्या गाडीचं काम काय काय?"

"खत," नाक्या म्हणाला. "आणखी काय?"

कुट्टीवाली तिथंच उभी होती, डोक्यावर खताची पाटी, कपाळावरून ओघळ. तो शब्द तिच्या कानात खड्यासारखा घुसला. आणखी काय. रोज संध्याकाळी ह्याच गाडीच्या चाकावर आळीची वैरण कापली जाते, त्या पैशावर ह्याच्या फडक्यांना साबण येतो, आणि विचारलं तर म्हणे आणखी काय! तिला सगळ्यांचाच वीट आला. चकत्या कुठे फिरतात हे तिला कळलं नव्हतं, पण बोलायला तोंड उघडलंच होतं.

"अहो मिस्त्री, पण संध्याकाळी..."

"ताई, तुला त्यातलं काय कळतंय?" भाऊ म्हणाला. "तू पाटी टाक आधी, वास सुटलाय."

तिनं पाटी टाकली. नेमकी भावाच्या नव्या बुटांवर.

अ‍ॅक्सल बसला. खरं ते खरं म्हणावं, चिखलात गाडीनं कमाल केली. मळ्याच्या फाटकात डावं चाक सुटलं, क्षणभर गुरगुरलं, आणि उजव्या चाकानं खडीवर पाय रोवून गाडी वर घेतली. मळेवाला काठी टेकायची विसरला. ट्रॅक्टरवाल्याचा विषय मिटला. नाक्यानं आनंदात फडकंही सोडलं, मग वास आला तसं घाईघाईनं परत बांधलं.

संध्याकाळी नेहमीसारखी गाडी गोठ्याला पाठ करून लागली. वैरणीचे भारे दाराशी येऊन पडले होते. कुट्टीवालीनं एक चाक उचललं, पुढच्या चाकाला दगड दिला, पट्टा चढवला आणि पहिली मूठ हातात घेऊन उभी राहिली. गाडीच्या पुढ्यात, उताराला, खताचा खड्डा होता. शेजारच्या कोंबड्यांच्या शेडमधलं घाण पाणी त्यात मुरायला सोडलेलं असायचं. त्यावर अशी साय धरलेली असायची की बघूनच जेवण नको व्हावं.

"टाकू?" नाक्यानं आतून विचारलं.

"टाका."

त्यानं गिअर टाकला. हवेतलं चाक पट्टा ओढायला लागलं आणि जमिनीवरचं चाक, जे इतकी वर्षं गप्प बसलं होतं, तेही जागं झालं. गाडीनं दगड ओलांडला. ओंडका निसटला. पट्टा फाडकन तुटून कुट्टीवालीच्या कानाजवळून सुंऽऽ करत गेला आणि गोठ्याच्या कुडात घुसला. ती मटकन खाली बसली. गाडी मात्र नाक्याला घेऊन सरळ खड्ड्यात उतरली.

घाबरून त्यानं काच खाली केली आणि तिथंच चुकला. घाण आत आली. मांडीवर आली, फडक्यावर आली, फडक्याच्या आतही गेली.

"अगं! गाडीला काय झालं?"

कुट्टीवालीनं कान चाचपला. जागेवर होता. मग ती उठून खड्ड्याच्या काठावर आली.

"गाडीला काही झालं नाही. तिला चिखल कळला, माझी कुट्टी नाही कळली."

आरडाओरडा ऐकून आळी जमली. फोनपंडितही धावत आला. "दाजी, घाबरू नका! बंद पडायच्या आत रिव्हर्स टाका! दोन्ही चाकं ओढतील!"

नाक्यानं रिव्हर्स टाकला. आणि निर्लज्ज गाडी गुरगुरत, दोन्ही चाकांनी घाण उडवत, कुणाचा हात न लागता वर आली. फोनपंडितानं टाळ्या वाजवल्या. "बघितलंत? निघाली की नाही?"

टाळ्या ऐकून कुट्टीवाली कुडाकडे गेली आणि त्यात घुसलेला पट्टा उपसून आली. तुटका पट्टा तिनं भावाच्या गळ्यात अडकवला. "हा इंचभर इकडून गेला असता, तर माझ्या तेराव्याला वाजवल्या असत्यास का रे टाळ्या?"

भावानं गळ्यातला पट्टा काढला आणि गुंडाळायला घेतला. त्याला कामाला हात लावताना आळीनं पहिल्यांदाच बघितलं.

मिस्त्री आला तेव्हा सगळा प्रकार बघून त्यानं डोक्याला हात लावला. "दादा, एक चाक उचलून पट्टा चालवता? ह्या अ‍ॅक्सलवर? माणूस मरतं असल्यानं! मी विचारलं होतं ना, गाडीचं काम काय काय?"

नाक्या अंगावरून घाण निथळत उभा होता. साऱ्या आळीनं नाकाला पदर आणि रुमाल लावले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्यामुळे लावले होते.

"जुना परत बसवतो," मिस्त्री म्हणाला. "फाटकात रुतेल, पण मशीन चालेल."

"म्हणजे मी परत मागून ढकलायची आणि तोंडात खत घ्यायचं?" कुट्टीवाली म्हणाली. "दुसरं सांगा काहीतरी."

मिस्त्रीनं मान खाजवली. "मग दोन्ही चाकं उचला, वहिनी. दोन जॅक, आणि खालून टेकू द्यायला दोन भक्कम लोखंडी घोड्या. पुढची चाकं दोन्ही बाजूंनी नीट अडवा. पण एकट्या माणसाचं काम नाही ते. मशीन चालेल तोवर कुणीतरी गाडीतच बसायला हवं, पाय क्लचवर ठेवून."

"माणूस आहे घरात," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी अंघोळीला जातं."

दुसऱ्या दिवशी नवीन पट्टा आला. नाक्या गाडीखाली सरपटला, घोड्या लावल्या, चारी बाजूंनी दगड ठोकले. बाहेर आला तेव्हा केसांत शेण होतं. त्यानं फडकं शोधलं, तर ते धुऊन दोरीवर वाळत होतं, आणि दोरी पार अंगणाच्या त्या टोकाला होती. निमूट जाऊन तो गाडीत बसला.

"टाकू?"

कुट्टीवालीनं पट्टा हातातच धरून ठेवला. "आधी सांगा. गाडीचं काम काय काय?"

वैरण घेऊन आलेल्या बायका थांबल्या. नाक्यानं काच वर करायला हात नेला, मग काढून घेतला.

"खत," तो म्हणाला.

ती वाट बघत उभी राहिली.

"आणि कुट्टी."

मग तिनं पट्टा चढवला.