नितळ पाण्यावरची साय

प्रयोगशाळेत तिला सगळे चकचकबाई म्हणत. काचेचं एक ताट घासायचं तर तिला दीड तास लागे. आधी साबण, मग आम्ल, मग बारा वेळा पाणी. घासून घासून हातांना भेगा पडल्या होत्या, पण काम अंगाला चिकटलं की माणूस असल्या गोष्टी मोजत नाही. ताटात कॅडमियमच्या क्षाराचं पाणी ओतायचं, धूर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात ठेवायचं, वरून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू हलकेच सोडायचा आणि बघत बसायचं. हवा जिथे पाण्याला टेकते तिथेच, पृष्ठभागावर, अतिसूक्ष्म कणांची पिवळी साय धरते. ती काचेवर अलगद उचलली आणि तिच्यावर उजेड पाडला, की तिच्यातून वीज जास्त वाहते. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

बाकीचे लोक पाण्यावर आधी तेलकट पदार्थाचा पातळसा थर पसरतात, त्याला धरून कण वाढतात. तिच्या सरांचं म्हणणं, थर लागतच नाही, नितळ पाण्यावरही साय येते. त्यावर निबंध छापून आला होता, पाठ थोपटून घेऊन झाली होती. निबंधात दुसरं नाव तिचं होतं. सहा वर्षांनंतर महिन्यावर आलेली तिची पदवी याच सायीवर उभी होती.

भानगड एकच. साय मनाला येईल तेव्हाच यायची.

मध्यंतरी आई थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि तीन आठवडे सायीने तोंड दाखवलं नाही. पिवळी भुकटी व्हायची आणि तळाशी जाऊन बसायची. आई परतली, आणि दुसऱ्याच दिवशी साय हजर!

"बघ माझा पायगुण," आई म्हणाली. "आण ते हात इकडे. काय दशा करून घेतलीस! मी नसले की साधं मलमसुद्धा लावत नाहीस तू."

मलम आई घरीच करायची, तेलात मेण वितळवून. लेक हसली, आणि हसता हसताच आपल्या तेलकट बोटांकडे बघत राहिली.

हातमोजे ती रोज घालायची. पण ते ओढून बसवायचे कशाने, तर मलमाच्याच बोटांनी. मग त्याच मोज्यांनी ताटाची कड धरायची. दीड दीड तास ताट घासणाऱ्या शहाणीला आपली दहा बोटं कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने हात खसाखसा धुतले, कोरडे मोजे घातले आणि दोन ताटं मांडली. एकात काडीच्या टोकाने मलमाचा कण टेकवला, दुसरं तसंच ठेवलं. पहिल्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत साय. दुसऱ्यात भुकटी. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. ती तशीच सरांकडे गेली.

सर काही वाईट माणूस नव्हते, हीच तर पंचाईत. सगळं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं आणि टेबलावरचा तो निबंध पुढे ओढला.

"परवा त्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाई येतायत," ते म्हणाले. "त्यांच्याकडे साय आली नाही म्हणून स्वतः बघायला येतायत. आत्ता बोललो तर दोघंही बुडू. तुझी पदवी होऊ दे, मग सावकाश दुरुस्ती छापू."

"आणि परवा काय करू?"

सरांनी मान वर केली नाही. "परवा मलम लावून ये."

आणि ती लावून आली. खोटं कशाला बोला? त्या सकाळी तिने आपणहून हात पुढे केले तेव्हा आईला कोण आनंद झाला! तिला मात्र आईच्या डोळ्यांकडे बघवेना.

पाहुण्या बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. वीस मिनिटांत साय धरली. वायू बंद करून कपाट मोकळं होऊ दिलं, तशा त्या ताटावर वाकल्या. वाकल्या त्या उठेचनात. सरांनी सुटकेचा श्वास टाकला.

"म्हणजे होतं हे," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे एक मुलगी होती. अकरा महिने हेच करत होती. रडायची. बाई, मी सगळं स्वच्छ केलंय हो, म्हणायची. मी तिला म्हटलं, तुझ्या हातून काही व्हायचं नाही. गेली सोडून. आता दुकानात कपड्यांच्या घड्या घालते म्हणे." त्यांनी चष्मा पुसला. "लागेल असं बोलले होते मी. सारखी टोचणी होती. आज वाटतं, बरोबरच बोलले."

"चला, चहा घेऊ," सर घाईने म्हणाले.

अकरा महिने कुणीतरी अशीच ताटं घासली होती, अशाच भेगा घेऊन घरी गेली होती, आणि तिचं काडीचंही चुकलं नव्हतं.

"बाई, ती खरं बोलत होती," ती म्हणाली. "तिची ताटं स्वच्छ होती, म्हणूनच तिला साय आली नाही. माझं पाणी स्वच्छ नव्हतं."

तिने मोजे काढले आणि तेलकट बोटं दाखवली. मलमाचं, काडीचं, आजच्या सकाळचंसुद्धा सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले. कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

बाईंनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला. "तूच सांग. मला तोंड नाही तिच्याशी बोलायला."

घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग कुणीतरी फोन उचलला.

"बाई?" पलीकडून दबका, घाबरलेला आवाज आला. "बाई, माझं काही चुकलं का हो?"