भावोजींची दाढ

दातांच्या डॉक्टरांना घोड्याची भीती वाटायची, आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

ठाऊक असणार तरी कशी? दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट गाल धरून बसायचे, तिथेच एका लाकडी घोडीवर घोडदळातल्या कर्नलचं खोगीर चढवलेलं होतं. खोगिराखाली निळी झूल, झुलीच्या कोपऱ्यात जरीनं भरलेलं पलटणीचं चिन्ह: एकमेकांवर आडवे दोन भाले आणि वर एक तारा. भिंतीवर रिकिबी, पोटाखालून आवळायचे तंगाचे पट्टे आणि घोड्याच्या छातीवर मिरवायचे पितळी बिल्ले, सगळे असे घासलेले की पेशंटला त्यांत आपली सूज दिसावी. हिरडीत सुई टोचली, की ती बधिर होईपर्यंत डॉक्टर सांगत बसायचे. मेजरच्या झुलीची किनार किती रुंद, कर्नलच्या झुलीची किती, मांड कशी घट्ट हवी, लगाम कसा सैल. बधिर तोंडाचा माणूस मधे बोलू शकत नाही, त्यामुळे डॉक्टरांना जन्मभर उत्तम श्रोते मिळाले. तरुणपणी यांनी घोडे दौडवले असणार, असं सगळे धरून चालायचे. डॉक्टरांनी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही.

प्रत्यक्षात रस्त्यात घोडागाडी दिसली की डॉक्टर पलीकडच्या फुटपाथवर जात आणि दुकानाच्या काचेत बघत उभे राहत. मग ते दुकान बायकांच्या बांगड्यांचं का असेना.

एका सकाळी कर्नलीणबाई दवाखान्यात आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुद्दा बाईंकडे राहिला होता. बाहेरच्या खोलीतलं ते खोगीर त्यांच्याच घरचं. छप्पर गळायला लागलं तेव्हा त्यांनी ते विकलं होतं. लगाम मात्र दिला नव्हता. त्या लगामाच्या, घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या लोखंडी दांडीला दोन्ही टोकांना एकेक रुपेरी बिल्ला होता, त्यावर तेच दोन भाले, तोच तारा. तो नसल्यामुळे डॉक्टरांचा सगळा संग्रह पुढचे दोन दात पडलेल्या हसण्यासारखा दिसायचा. किती वर्षं ते बाईंच्या मागे लागले होते.

"लगाम हवाय ना तुम्हाला?" बाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "हो म्हणजे... हवाच आहे."

"मग पेटी घ्या आणि चला. भावोजींची दाढ काढायचीय."

"त्यांना इथेच घेऊन या की. गाडी पाठवतो."

"गाडीत मावायचे नाहीत ते," बाई म्हणाल्या.

कर्नलसाहेबांचा घोडा होता तो. साहेब त्याला सख्ख्या धाकट्या भावासारखं वागवायचे, म्हणून बाई त्याला भावोजी म्हणायला लागल्या, तेव्हा थट्टेनं. नवरा गेल्यावर थट्टा गेली आणि भावोजी राहिले.

डॉक्टर पुन्हा पूर्ण बसले. "बाई, हे काम जनावरांच्या डॉक्टरांचं."

"ते दुपारी येणारच आहेत. सुई घेऊन. कायमची झोपवायची सुई." बाईंचा आवाज तसाच सरळ होता, फक्त पर्सचा बंद त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या. "दाढ किडलीय, भावोजींनी खाणं सोडलंय, बरगड्या मोजून घ्याव्यात. डॉक्टर म्हणाले, भूल दिली तर या वयात काळीज थांबेल. आणि भुलीशिवाय तोंडात हात घालायचा, तर म्हणाले, मी बासरी वाजवतो, मला सगळी बोटं लागतात."

"मलाही लागतात," डॉक्टर पुटपुटले.

"जातील की हे," काउंटरवरून त्यांची बायको म्हणाली. "इतकी वर्षं घोड्यांबद्दल बोलताहेत, एकदा घोड्याचंही ऐकून घेतील." खोलीतले सगळे पेशंट डॉक्टरांकडे कौतुकानं बघायला लागले, त्यामुळे सुटायची वाट बंद झाली. पेटी हातात देताना मात्र ती हळूच म्हणाली, "अहो, डाव्या हातानं काढा. उजव्यावर घर चालतं."

वाटेत डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चावतात का हो ते?"

"छे. चावत नाहीत. नालबंदाचा कान तेवढा एकदा गेला."

"गेला म्हणजे?"

"वरचा थोडा. आणि विम्याचा एजंट आला होता, त्याची बॅग खाल्ली. आतल्या पॉलिशीसकट. पण तो माणूसच चिकट होता."

 डॉक्टरांनी पेटी काखेत मारली आणि उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला, कुणी तो मागायला येणार असल्यासारखा.

तबेला घराच्या मागे होता. दार अर्धं उघडं, आत गवताचा आणि ओल्या लाकडाचा वास, आणि त्या अंधारात आधी एक डोळा दिसला. लिंबाएवढा, आणि त्या डोळ्यात डॉक्टर अख्खेच्या अख्खे, पेटीसकट. मग बाकीचा घोडा दिसायला लागला, आणि तो संपेचना. संग्रहातल्या खोगिरावरून डॉक्टरांनी घोड्याचा जो अंदाज बांधला होता, त्यात मान, डोकं आणि श्वास धरायचा राहून गेला होता. घोड्यानं एकदा नाक फुरफुरवलं. डॉक्टर दाराबाहेर जाऊन उभे होते. कसे गेले ते त्यांनाच कळलं नाही.

"या आत," बाई म्हणाल्या. त्यांनी घोड्याच्या डोक्यावरचा लगाम उतरवून खुंटीला लावला. रुपेरी बिल्ले मंद चमकले. त्या बिल्ल्यांकडे बघत, फक्त बिल्ल्यांकडे बघत, डॉक्टर आत आले.

"भावोजी, तोंड उघडा."

भावोजींनी मान वळवली. बाईंनी ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवला आणि जबडा उघडला. डॉक्टरांनी आत टॉर्च मारला. त्यांनी हजारो तोंडं पाहिली होती, पण एवढा मोठा व्यवसाय एका तोंडात पाहिला नव्हता. पुढे पिवळे, लांब दात, विटांसारखे. त्यांच्यामागे मात्र दोन्ही बाजूंना नुसती हिरडी, आणि मग पार आत दाढा.

डॉक्टरांना जरा धीर आला. "बाई, यांचे मधले सगळे दात आधीच कुणीतरी काढलेत. चांगलं काढलंय हं काम. खूणसुद्धा नाही."

 "तिथे दात नसतातच, डॉक्टर. लगामाची दांडी बसते कुठे मग?"

डॉक्टरांनी इतकी वर्षं निरनिराळ्या लगामांच्या दांड्या घासल्या, तेल लावलं, काचेच्या कपाटात मांडल्या. त्या दाताखाली कशा येत नाहीत, हा प्रश्न त्यांना, दातांच्या डॉक्टरांना, एकदाही पडला नव्हता. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण एक गोष्ट कळली. त्या मोकळ्या जागेतून हात आत जाऊ शकत होता.

बाईंनी घोड्याची जीभ त्याच जागेतून बाहेर ओढून मुठीत धरली. "जीभ अशी धरली की ते चावत नाहीत. चावले तर आधी स्वतःचीच जीभ जायची. शहाणे आहेत."

"आणि सुटली तर?"

"मग तुम्ही शहाणपणा करा."

डॉक्टरांनी हिरडीवर बधिरतेच्या औषधाची अख्खी बाटली चोळली.  दाढ पहिलीच होती, वरच्या बाजूची, डुगडुगणारी. चिमटा लावायला डावा हात घातला, पण डाव्या हाताला चिमटा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. बायकोची मनात माफी मागून त्यांनी उजवा घातला. घोड्याचा गरम श्वास बाहीतून थेट काखेपर्यंत गेला. डॉक्टरांनी डोळे मिटले, दाढ हलवली, पुन्हा हलवली, आणि कडकन आवाज झाला. तो आपल्या हाताचा, असं समजून ते मटकन खाली बसले.

हात शाबूत होता. चिमट्यात दाढ होती.

बाई घोड्याच्या मानेला बिलगल्या. मग त्यांनी पदर सावरला, घरात जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, येऊ नका म्हणून, आणि परत येऊन खुंटीवरचा लगाम डॉक्टरांच्या गळ्यात घातला. दोन्ही बिल्ले छातीवर येऊन टेकले. थंडगार. डॉक्टरांना इतका आनंद झाला, की त्यांनी दाढ बादलीत धुतली, आठवण म्हणून न्यावी या विचारानं. तेव्हा दिसलं. एक मूळ अर्धवट तुटलेलं होतं. उरलेलं आत होतं.

किडकं मूळ आत राहिलं की पुढे काय होतं, हे सांगायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं. चार दिवस बरं वाटतं. मग हिरडी फुगते, पू होतो, खाणं सुटतं. मग पुन्हा सुई. आणि त्या वेळी कुणी म्हणणारही नाही, की डॉक्टरांचं चुकलं. म्हातारा घोडा, गेला. त्यांनी दाढ खिशात टाकली. पेटी बंद केली. दारापर्यंत गेले.

मागे भावोजींनी दाण्यांचा घास उचलला, चावायला गेले आणि तोंडातून सगळा खाली सांडला.

"जखम ताजी आहे म्हणून, नाही का हो डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

आता नुसतं हो म्हणायचं होतं.  बाहेर ऊन होतं, रस्ता होता, हात जागेवर होता.

"नाही," ते म्हणाले. "मूळ आत राहिलंय. माझ्याकडून तुटलं."

बाईंनी सांडलेले दाणे पायानं बाजूला सारले. मग म्हणाल्या, "मग लगाम काढून ठेवा. गळ्यात घेऊन कसे वाकाल?"

पहिल्या वेळी डॉक्टरांना काय होईल ते माहीत नव्हतं, आणि घोड्यालाही नव्हतं. आता दोघांनाही माहीत होतं. घोड्यानं कान मागे पाडले.  बाईंनी जीभ ओढून धरली, डॉक्टरांनी बारीक चिमटा घेऊन हात घातला, बोटांनी खड्डा चाचपला, मूळ सापडलं. आणि तेवढ्यात जीभ बाईंच्या मुठीतून माशासारखी निसटली.

जबडा मिटला. डॉक्टरांचा हात मनगटापासून बाहेर, पंजा आत.

छपरावरचे कावळे उडाले ते डॉक्टरांच्या काळजाच्या ठोक्यांनी, असं कर्नलीणबाई पुढे सगळ्यांना सांगत. त्या वेळी मात्र त्या कुजबुजल्या, "हलू नका. भावोजी विचार करताहेत."

"कसला?" डॉक्टरांचा आवाज शिट्टीसारखा निघाला.

"ते त्यांना ठरवू द्या."

हात मोकळ्या जागेतून जरा पुढे घसरला होता, आणि पुढचे दात मनगटावर टेकले होते. दाबलेले नव्हते, नुसते टेकलेले. ओढला तर हात जाणार, आणि ठेवला तरी जाणारच, फक्त घोड्याच्या सवडीनं.  पण आतली बोटं, त्या मिट्ट काळोखात, आपलं काम विसरली नव्हती. चिमट्याचं टोक मुळाला लागलेलंच होतं. डॉक्टरांना वाटलं, हात गेलाच आहे, तर जाण्याआधी एवढं करून जाऊ दे. त्यांनी चिमटा हळूच फिरवला. मूळ सुटलं. घोड्याच्या सगळ्या अंगावरून एक शहारा गेला, शेपटीपर्यंत, आणि तो डॉक्टरांच्या अंगातून परत आला.

"भावोजी," बाई म्हणाल्या, "हात सोडा. पाहुण्यांचा आहे."

भावोजींनी सोडला. लगेच नाही. आधी जिभेनं पंजा एकदा नीट चाटून पाहिला.

मनगटावर दातांच्या खुणा होत्या, बोटं सगळी होती, आणि चिमट्यात काळं मूळ होतं, भाताच्या दाण्याहून जरा मोठं. डॉक्टरांनी ते दाढेला जुळवून पाहिलं. पूर्ण बसलं. मग ते गवतात बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत. भावोजी आधी एका बाजूनं चावत होते, मग घाबरत घाबरत दुसऱ्या बाजूनंही चावायला लागले. बाई त्या चावण्याचा आवाज ऐकत उभ्या होत्या.

जायच्या वेळी बाईंनी लगाम पुन्हा डॉक्टरांच्या गळ्यात घातला. लगाम पाहिल्याबरोबर भावोजी पुढे आले, मान खाली घातली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आपणहून तोंड उघडलं. आ करून डॉक्टरांसमोर उभे.

डॉक्टर भिंतीला जाऊन चिकटले. भीती गेली नव्हती, पण लगाम सोडण्याइतकी ती मोठीही नव्हती. तो छातीशी धरून ते भिंतीभिंतीनं दाराकडे सरकले आणि बाहेर पडून त्यांनी अर्ध्या दाराची कडी लावली. वरच्या अर्ध्यातून भावोजींनी डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या टकलावर गरम श्वास सोडला.

डॉक्टर दोन पावलं मागे गेले. मग तिथूनच, घसा खाकरून म्हणाले, "भावोजी, दोन दिवस कडक काही चावायचं नाही."