न उघडलेला तेविसावा

चष्मेवाल्याकडे एका जुन्या बँडचे एकतीसच्या एकतीस अल्बम होते, नंबर लावून कपाटात ओळीने उभे. दोन म्हातारे, ढीगभर यंत्रं आणि चाळीस वर्षांचं संगीत. ऐकायचं तर पहिल्यापासून क्रमाने, हा त्याचा कायदा. पहिला अल्बम म्हणजे नुसती घूं घूं. भाऊ, मेहुणा, शेजारी झाडून सगळे दुसऱ्यापर्यंत गळाले. बायको नव्या नवलाईत तिसऱ्यापर्यंत टिकली आणि तिथे झोपी गेली. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून त्याने बावीस वर्षं तिला परत विचारलं नाही.

आणि परवा तीच भांडी विसळताना सतराव्यातली धून गुणगुणत होती!

"हे कुठे ऐकलंस?"

"आमच्या कारखान्यात. कटिंग मास्तर कापड कापताना लावतात. म्हणाले, सतराव्यापासून सुरू करा, तो सोपा आहे. मग हवं तिथे जा."

सतराव्यापासून! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचे आठ दिवस ती रोज नवा नंबर ऐकून यायची आणि हा दुकानात एकाच्या उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवायचा. शेवटी एका सकाळी त्याने तिचा चष्मा स्वतःच उशीखाली दडवला आणि दुपारी "उशीखाली विसरलीस गं" म्हणत कारखान्यात जाऊन थडकला.

काजं-बटणांच्या टेबलाशी जेवणाची सुट्टी चालली होती. इयरफोनची एकच वायर, एक टोक मास्तरच्या कानात, दुसरं हिच्या. मास्तर टकलू, साठीचा, पण हेवा कुठे वय बघतो?

"या या! एकतीस अल्बमवाले ना तुम्ही?" मास्तर खुलला. "तेविसाव्यातलं शेवटचं कसं वाटतं तुम्हाला?"

"ठीक आहे."

"ठीक? अहो, वहिनींना रडू आलं!"

घरात कधी त्याच्यापुढे डोळे न पुसणारी बाई इथे रडली होती. आणि तेविसावा त्याने ऐकलाच नव्हता. बाविसाव्यानंतर दोघांतला एक म्हातारा वारला, तेव्हापासूनचे अल्बम तो नुसते विकत घेऊन ठेवायचा.

संध्याकाळी तिने कपाटातून तेविसावा काढला. वरचा प्लास्टिकचा कागद तसाच होता.

"अहो, हा उघडलेलाच नाही."

"जोडीदार गेल्यावर एकट्याचं काय ऐकायचं?"

"मला त्यात तुम्ही दिसलात. बावीस वर्षं दार लावून एकटेच ऐकत बसलेले."

"मग मास्तरपाशी कशाला रडलीस? जळतोय मी, कळतंय का तुला?"

"कळतंय. उशीखाली चष्मा कोण ठेवतं हो?"

तो ओशाळला. दुकानातलं ब्लेड आणून त्याने कागद कापला. तिने रेकॉर्ड लावून सुई ठेवली. घरभर घूं घूं सुरू झाली आणि त्याची चुळबुळही.

"जरा दम धरा," ती म्हणाली, "सुरुवात अशीच असते."

लग्नानंतर त्याने तिला म्हटलेलं वाक्य होतं ते. तिने ते इतकी वर्षं जपलं होतं. त्याने दम धरला. अर्ध्या तासाने सूर बदलला तसा त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"रडलीस ती इथेच का?"

"नाही. अजून पुढे आहे."

पुढे, जिथे मास्तर आधीच जाऊन आला होता. हा तिच्याजवळ सरकून बसला.